मेहुणीची शिंगं

माझ्या मेहुणीला शिंगं नाहीत. कधीच नव्हती. हे इतकं स्पष्ट सांगायचं कारण असं, की कवठे महांकाळच्या एका घराण्याला काही काळ याबद्दल शंका होती, आणि ती शंका माझ्या कॅमेऱ्यातून निघाली होती.

बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि उरलेल्या वेळात कलावंत. (कचेरीत उरलेला वेळ भरपूर असे.) आमचं तिघांचं छायाचित्र मंडळ होतं. एक मी, दुसरे दातांचे डॉक्टर कोटणीस आणि तिसरे चित्रकलेचे निकम सर. महिन्यातून एका रविवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात, एरवी लोक गाल धरून बसतात त्या खोलीत, आम्ही सुतळी बांधायचो, ताज्या भटकंतीतले फोटो तिच्यावर चिमट्यांनी लटकवायचो आणि एकमेकांच्या फोटोंना मनसोक्त नावं ठेवायचो. रीळ धुणं, फोटो छापणं हे सगळं डॉक्टरांच्या न्हाणीघरात चाले. त्या दिवशी त्यांच्या घरची माणसं आंघोळीला शेजारी जात. जो फोटो सर्वांत चांगला ठरेल, तो महिनाभर दवाखान्यातल्या खुर्चीसमोर टांगला जाई. तिथं कायम डॉक्टरांचाच फोटो असे. दवाखाना त्यांचा, खुर्ची त्यांची, न्हाणीघरही त्यांचंच!

अशात माझ्या धाकट्या मेहुणीचं, शकूचं, स्थळ आलं. मुलगा साताऱ्यातल्या कारखान्यात फिटर, घर कवठे महांकाळचं. शकूनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती वडूजच्या घरी विनाकारण गुणगुणत असे. मुलाचे चुलते मात्र जुन्या वळणाचे. आधी फोटो पाठवा, पसंत पडला तर पुढचं बघू, असा त्यांचा निरोप आला.

"वडूजात स्टुडिओ हाय. चार वाजता जाऊन ईल ती," आमच्याकडं आलेले सासरे म्हणाले. सासरे म्हणजे रिटायर सुभेदार. आवाज अजून परेडचा.

"मी असताना स्टुडिओ?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक संकटांची सुरुवात 'मी असताना' अशीच झालेली आहे.

मायणीच्या तलावावर पक्षी टिपायला निघालो होतो, तसाच कॅमेरा घेऊन आधी वडूजला उतरलो. शकूला गोठ्याच्या दारात उभं केलं. मागं आतला काळोख. (पार्श्वभूमी काळी असली की चेहरा उठून दिसतो, असं मी पुस्तकात वाचलं होतं. चेहऱ्याशिवाय आणखी काय काय उठून दिसतं ते पुस्तकात नव्हतं.) बायकोची, विमलची, इस्त्रीची साडी, अंबाड्यात अबोली. खटका दाबला. फोटो फक्कड आला असणार, याची मला खात्री होती.

तेवढ्यात सासरे सरदारला घेऊन आले.

सरदार म्हणजे त्यांचा टकरीचा मेंढा. दुष्काळात सगळ्या घरानं रेशनची परदेशी मिलो ज्वारी चावली, पण सरदारला हरभरा चुकला नव्हता. त्याची ती दोन वेटोळ्यांची शिंगं सासरे रोज सकाळी तेल लावून चोळत. सासूबाईंचे गुडघे कित्येक वर्षं दुखत होते, त्यांना ते तेल मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"जावायबापू, आमच्या सरदारचा बी एक काडा."

आता पक्ष्यांसाठी राखलेली फिल्म मी मेंढ्यावर घालवणार? पण नाही म्हणायची छाती नव्हती. अशा वेळेसाठी आम्हा तिघांत एक खुबी ठरलेली होती. पाहुणे फोटोसाठी मागं लागले, की भिंगावरचं टोपण न काढताच खटका दाबायचा. पाहुणे खूश, फिल्म शाबूत, आणि पुढं 'रीळ खराब निघालं हो' म्हणायचं. मी टोपण लावलं, एक डोळा मिटला, ऐटीत वाकलो.

"आवं जावायबापू! तोफंच्या तोंडाला बूच घालून गोळा उडतूय व्हय? टोपान काडा की त्ये!"

पलटणीतला माणूस! पाहुण्यांना फसवायची विद्या सुभेदारांवर चालत नाही. टोपण काढावं लागलं. पण मी तरी कुठं हार मानणारा? मनात म्हटलं, ठीक आहे, टोपण काढतो, पण रीळ पुढं सरकवत नाही. रीळ सरकलं नाही म्हणजे फिल्म खर्च झाली नाही! हा माझा स्वतःचा शोध होता आणि त्याचा मला अभिमान वाटला. त्याच दारात, त्याच काळोखापुढं, सरदारवर मी खटका दाबला.

शोध अगदी बरोबर होता. फिल्म खर्च झाली नाही. तिच्यावर आधीच असलेल्या शकूवर सरदार जाऊन बसला, एवढंच.

हे कळलं ते थेट मंडळाच्या रविवारी. फोटो डॉक्टरांनी छापून मी पोचायच्या आधीच सुतळीला लावले होते. माझे पक्षी दिसले. म्हणजे पाणी दिसलं आणि पाण्यावर माश्या बसाव्यात तसं काहीतरी दिसलं. त्यांच्या शेजारी शकू. मंद हसणारी, सोज्वळ, आणि अंबाड्याच्या दोन्ही बाजूंनी तिला सरदारची शिंगं फुटलेली! गळ्याशी मंगळसूत्र यायचं तिथं मेंढ्याचं नाक, आणि पदरावर दाट लोकर. चार डोळे सारख्याच शांतपणे माझ्याकडं बघत होते.

मी चिमटा काढायला हात पुढं केला. पण निकम सर हात मागं बांधून फोटोसमोर स्तब्ध उभे होते.

"अहो, हे काय केलंत तुम्ही!" ते पुटपुटले.

"सर, त्याचं असं झालं..."

"ग्रामीण स्त्रीचं सोसणं आणि तिच्या आतली धडक! एका चौकटीत! गृहस्था, हे तुम्हाला सुचलं?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण डॉक्टरांचा चेहरा दात किडल्यासारखा झाला होता, खुर्चीसमोरची ती भिंत मला खुणावत होती, आणि माझी जीभ सैल सुटली.

"मुद्दामच केलंय," मी म्हणालो. "बरेच दिवस डोक्यात होतं."

आणि दार उघडलं. दारात सासरे! त्यांच्यामागं लाल फेट्यातले एक धिप्पाड गृहस्थ.

"ह्ये मुलाचे चुलते, तात्या," सासरे कौतुकानं म्हणाले. "म्हनलं, फोटू पोष्टानं कशाला, जावायबापूंच्या परदर्शनातच दावतो. कुटं हाय आमची शकू?"

मी सुतळीच्या आडवा उभा राहिलो. पण निकम सरांना दम कुठला! त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला सारलं. "या, या! आजचा सर्वोत्तम फोटो!"

सासऱ्यांनी फोटोकडं असं पाहिलं, जसं त्या खुर्चीतला रोगी डॉक्टरांच्या सांडशीकडं पाहतो.

"जावायबापू," सासऱ्यांचा आवाज प्रथमच खाली आला, "ह्ये चुकून झालं, का मुद्दाम?"

मी तोंड उघडलं. सर माझ्या आधी बोलले. "मुद्दाम! आत्ताच म्हणाले ते. बरेच दिवस डोक्यात होतं!"

सासऱ्यांचा हात काठीवर घट्ट झाला. तात्या मात्र फोटोच्या पार जवळ गेले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "ह्यो मेंढा कुनाचा?"

"आमचा," सासरे कसेबसे म्हणाले.

"लय देखना हाय गड्या! शिंगाचा पीळ बघा की! आमच्या बापजाद्याचं आयुष्य मेंढरामागं गेलं, पर असला पीळ न्हाई बघितला." मग जरा थांबून, "ह्यात पोरगी कुटं हाय?"

माझी कला, सरांचं भाषण, शकूचं हसू, सगळं एका मेंढ्यानं खाऊन टाकलं! सासरे तर सरदारच्या खुराकावर बोलायला लागले. शकूचं लग्न कडेला राहिलं आणि दोघं पेंडीच्या भावावर आले. शेवटी मीच त्यांना चहाच्या निमित्तानं आमच्या घरी ओढलं. शकू तिथंच होती, बहिणीकडं राहायला आलेली.

विमलनं दवाखान्यातली हकीकत सासऱ्यांच्या तोंडून ऐकली आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी चपला न काढताच मोरीत जाऊन उभा राहिलो. तिथून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, दाराच्या फटीतून दिसतही होतं.

शकू चहा घेऊन आली. कप ठेवला आणि रिवाज सोडून डोक्यावरचा पदर सरळ मागं सारला.

"तात्या, नीट बघून घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "दोनी बाजूनं बघा. शिंगं न्हाईत. मेंढा वडलांचा हाय आन् अक्कल दाजींची. माजं ह्यात कायबी न्हाई. मला ह्ये स्थळ मोडायचं न्हाई."

मोरीत मी निमूटपणे चपला काढल्या. त्या क्षणी मला खरोखर लाज वाटली.

मग तात्या हसायला लागले. कप बशीत खुळखुळला, फेटा कलला. "सुभेदार, पोरगी पसंत! धडक हाय हिच्यात!" (म्हणजे निकम सर अगदीच चुकले नव्हते.) "पर लग्नाला मेंढा आनायचा. आमच्या भावकीला दावायचाय."

लग्न वैशाखात कवठे महांकाळला झालं. फोटो काढायला सांगलीहून माणूस आणला होता. मी माझा कॅमेरा नेला होता, पण तो विमलनं ट्रंकेत घालून किल्ली शकूच्या सासूकडं दिली. मोकळ्या हातांनी काय करू, म्हणून सासऱ्यांनी मला सरदारची दोरी धरून मांडवाच्या दारात उभं केलं. भावकी येई, सरदारच्या शिंगांवरून हात फिरवी आणि मला म्हणे, "जरा बाजूला सरा."

सांगलीच्या माणसानं आमचा दोघांचा एक फोटो काढला. फारच स्वच्छ आला. तो आज आमच्या बैठकीत लावलेला आहे, आणि आम्ही त्यात शेजारी-शेजारी दोघे वेगवेगळे उभे आहोत, हे मला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बोट लावून दाखवावं लागतं.