झाडांच्या रजया

थंडी पडली की सारी चिखली रजई भरून घ्यायला गादीवाल्या चाचांच्या ओट्यावर यायची, आणि चाचा आधी झाडांच्या रजया भरायचे. गिऱ्हाईक कुडकुडत उभं, आणि हे मोगऱ्याच्या मापाच्या रजईला टाके घालत बसलेले. कोणी कुरकुरलं की मान वर न करता म्हणायचे, "तुले पाय हायेत, जाय, उन्हात बस. त्याले हायेत का पाय?"

त्यांची आमची भिंत एकच. पलीकडे त्यांचं अंगण, त्यात दोन खाटांएवढी हिरवळ आणि कडेनं मोगरा. हिरवळ म्हणजे काय, तर हरळी! आम्ही शेतकरी जन्मभर हरळी खणून खणून वाकलो, आणि हा माणूस तिला झारीनं पाणी घालतो. मी तोंडावर हसलो. चाचा म्हणाले, "हास बे. तुह्या वावरात ते दुश्मन, माह्या दारात पाहुणी हाये."

पाहुणीचा थाटही तसाच. थंडीत तिच्यावर कात्री नाही. सकाळचं दव वाळेपर्यंत कोणाचा पाय नाही. एकदा त्यांचे व्याही आले, त्यांनाही भिंतीला घासत घरात नेलं. दिवस कलला की मोगऱ्याभोवती पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, रोवून वर रजई टाकायची, ऊन वर आलं की काढायची. एक दिवस चुकला नाही.

मी काय कमी होतो? एका हिवाळ्यात मी माझ्या टमाट्यांवर जुनी गोधडी सरळ पांघरली. पऱ्हाट्या रोवायची नाटकं कशाला! गोधडी दव पिऊन जड झाली, पानांवर बसली. सकाळी पाहतो तर सगळी पानं काळी. चाचांनी भिंतीवरून डोकावलं.

"काऊन भाऊ, कायमचे निजवले का?"

मी गोधडी ओढून काढली. मग तेच म्हणाले, "रजई माणसाच्या अंगाले लागली त ऊब, पानाले लागली त काळ. मधात हवा खेळली पाह्यजे."

"माही झाडं आधीच रोगट होती," मी म्हटलं. आजही तेच म्हणतो. पऱ्हाट्या मात्र त्याच दिवशी रोवल्या.

एका साली थंडीनं त्यांची हिरवळ पार तांबडी पडली. मला संधीच मिळाली. "चाचा, गेली तुमची पाहुणी!" त्यांनी वाकून एक काडी नखानं खरवडली. आत पांढरी, ओली. "झोपली हाये. झोपलेल्याले गाडणारा तू कोण बे?" शिमग्याला हिरवळ पुन्हा हिरवीगार. मी त्या बाजूला बघणंच सोडलं.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. मुलांनी अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायला काढले. मी कुदळ घेऊन गेलो, हिरवळीचे तुकडे कापले, मोगऱ्याची मुळासकट एक फांदी घेतली आणि माझ्या दारात आणून लावली. गल्ली हसली. हसू दे. हरळी खणणाऱ्या हातांनी हरळी लावली, त्याला हिंमत लागते.

आता पौषाच्या थंडीत ती तांबडी पडली आहे. आज पोरानं गट्टूवाल्याला माप घ्यायला आणलं. "बाबा, मेली ते. गाडी उभी कराले जागा होईन."

गट्टूवाल्यानं फीत ओढत हिरवळीवर पाय ठेवला.

"पाय उचल! भिंतीकडून चाल!"

"वाळलेलं गवत त हाये, बाबा," तो म्हणाला.

मी वाकलो. गुडघे बोलले, त्यांना बोलू दिलं. काडी खरवडली आणि पोराच्या नाकासमोर धरली. पांढरी.

"एका काडीवर?"

"एका काडीवर. शिमग्यापर्यंत थांब. नाही फुटली त मीच कुदळ मारतो. तवरक कोणी हात लावून पाहा."

गट्टूवाल्यानं फीत गुंडाळली.

दिवस कलला तशा मोगऱ्याभोवती पऱ्हाट्या रोवल्या. वर टाकायला घरातून रजई आणली, चाचांच्या हातची, माझ्या अंगावरची. सून म्हणाली, "मामाजी, मंग तुमी काय घेसान?"

मला पाय आहेत. सकाळी उन्हात जाऊन बसेन.