पेलाभर दूध आणि अठ्ठेचाळीस किलो

घरातून निघाले ती लोणारचं सरोवर बघायला. बॉक्सिंग हा शब्दसुद्धा माझ्या डोक्यात नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, गाडी करून देतो." म्हटलं, नको बाबा. गाडी केली की ड्रायव्हरचं डोकं तेवढं दिसतं, माणसं दिसत नाहीत. साठी उलटली असली तरी पाय अजून चालतात आणि जीभ तर त्याहून जास्त चालते. संभाजीनगरला बुलढाण्याची एसटी पकडली. रात्री बुलढाण्यात मुक्काम करायचा आणि सकाळी लोणार गाठायचं, असा सरळ बेत होता.

वाटेत धाड नावाच्या गावात बसने मान टाकली. कंडक्टर म्हणाले, मागच्या गाडीत बसवून देतो. मागची गाडी आली ती दारात माणसं लोंबकळत आली, त्यामुळे ती नुसती बघून घेतली. आठवड्याचा बाजार होता. कांद्याचे ढीग, हरभऱ्याच्या ओल्या जुड्या, तिखटाच्या राशी, आणि त्या राशींमुळे शिंकणारी सगळी दुनिया. मी एक आलूबोंडा (आपला बटाटेवडा) खाल्ला. सोबतची तळलेली मिरची मी उगाच शौर्य दाखवायला खाल्ली आणि पुढची दहा मिनिटं डोळे पुसत उभी राहिले. वडेवाला म्हणाला, "काऊन खाल्ली (का खाल्ली), मावशी? ते आमच्यासाठी राह्यते." बरं बाबा, चुकलं.

शेवटी काळी-पिवळी (भाड्याची जीप) मिळाली. ड्रायव्हर शकीलने मला मानाने पुढच्या सीटवर बसवलं. गाव सुटलं आणि तो म्हणाला, "मावशी, पाच मिंटं एका गावात जाऊ. चॅम्पियनले घ्याचं हाय."

"कोण चॅम्पियन?"

"आमची प्रज्ञा. बारावीले हाय. बॉक्सिंगमधी जिल्ह्यात पह्यली आली. उद्या बुलढाण्यात विभागाची मॅच खेळून राह्यली. तिथं जिंकली की सीधी राज्याले."

मागच्या सीटवरची कांद्याच्या पिशवीवाली बाई म्हणाली, "घेऊ ना मंग. पोरीची जात, हाणामारीत पह्यली आली, सोपं हाय का?"

गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिथल्या माणसांना आवडेल की नाही, ठाऊक नाही. चौकात मांडव होता, कर्णा होता आणि भलामोठा फलक होता. त्यावर सत्कार करणाऱ्यांचे फोटो मोठे आणि जिचा सत्कार तिचा एवढासा. पाच मिनिटं कसली! तीन भाषणं व्हायची होती.

प्रज्ञाची आई बॅग ठेवायला जीपशी आली. शीलाताई, अंगणवाडीत काम करतात. चेहरा असा ओढलेला, की मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. विचारलं, तर माझ्याशेजारी टेकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, उद्या सकाळी वजन हाय तिचं. अठ्ठेचाळीसच्या गटात खेळते. त्याच्यावर काटा गेला की खेळूच देत नाहीत, घरी पाठवतात. आज दुकानातल्या काट्यावर बरोब्बर अठ्ठेचाळीस भरली. कालपासून नुसती चूळ भरून राह्यली, पाण्याचा घोट पोटात नाही. मी हात जोडून सांगतलं, सत्कार मंग करा. तर म्हणतात, लेकरू गावाबाहेर चाललं, कोरड्या तोंडानं कसं पाठवाचं?"

घ्या! म्हणजे सगळं गाव त्या पोरीवर जीव टाकत होतं, आणि त्या मायेपायीच पोरीची उद्याची लढाई बुडायची वेळ आली होती.

औक्षण झालं आणि पेढे निघाले. एकेक जण येई, पेढा उचले आणि तिच्या तोंडाकडे नेई. नाही म्हणायची सोय नव्हती. मला साखर आहे, मी जगात कुठेही हात आडवा करून सुटते. तिच्याकडे तेही कारण नव्हतं. पण काय पोरगी! पेढा ओठांपर्यंत येतोय तोवर तिचा हात खालून वर येई, समोरच्याच्या बोटांतून पेढा काढून घेई आणि त्याच्याच तोंडात कोंबे. सरपंचांना कळलंसुद्धा नाही, ते पेढा चघळतच खाली उतरले. लोक हसत होते. तिचा हात इतका झटकन चालत होता की मी मनात म्हटलं, ही उद्या कुणाला तरी भारी पडणार.

मग नाना आले. गावातले मोठे शेतकरी, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. त्यांच्या हातात पेढा नव्हता, दुधाने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला होता. पेल्यावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तसं. म्हणाले, "घरून आणलं, बाई. घे."

मांडव एकदम शांत झाला. मला काही समजेना. पेढा परत भरवता येतो, भरलेला पेला परत कसा करणार? पावशेर दूध म्हणजे पावशेर वजन! मी जीपमधून उतरून ओरडलेच, "अहो, थांबा! उद्या वजन आहे तिचं!"

माझं कर्णकर्कश पुणेरी मराठी कुणाच्याच कानात शिरलं नाही. प्रज्ञाने एकदा मांडवाच्या कडेला पाहिलं. तिथे तिचे आजोबा उभे होते, पांढरं धोतर, निळी टोपी, हात छातीशी जोडलेले. मग तिने पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश, एकही थेंब न ठेवता, सगळं दूध प्यायली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी शीलाताईंवरच उखडले. "तुम्ही आई ना? थांबवलं का नाही?"

आबा, म्हणजे त्यांचे सासरे, तेच प्रज्ञाचे आजोबा, आमच्यासोबत यायला मागच्या सीटवर चढून बसले होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून शीलाताईंनी माझ्या कानाशी लागून सांगितलं. आबा पोरवयापासून नानांच्या घरी सालदार (सालावर ठेवलेला गडी). त्या काळात त्यांचा चहाचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा, पुन्हा तिथेच खोचायचा. नानांचे वडील गेले, तेव्हा नानांनी तो कप फेकून दिला. पण घरातला पेला काही हातात आला नाही. कागदी कप आला. "बाबासाहेबांचा फोटो घरात लावून साऱ्या पोरायले शिकवलं आबानं," त्या म्हणाल्या, "कोणापुढं मान खाली घातली नाही. पण त्या घरचा पेला... मी थांबवणारच होती, मावशी. मंग त्यायचं तोंड पाह्यलं."

मी गप्प बसले ही बातमी घरी कुणालाही खरी वाटणार नाही.

जीप हमरस्त्याला लागली आणि प्रज्ञा म्हणाली, "शकीलभाऊ, थांबव." उतरली. टीशर्टवर स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, त्यावर रेनकोट चढवला, नाड्या गळ्याशी आवळल्या आणि धावायला लागली. थंडीचे दिवस, तरी दुपारचं ऊन चटकत होतं. दोन्ही बाजूंना तूर उभी, मधून डांबरी सडक आणि त्यावर ही निळी रेनकोटवाली पोर. शकीलने जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिच्या मागे रांगू लागला. मला वाटलं, आता मागचे प्रवासी बोंबलणार. तर कांदेवाली बाई म्हणाली, "चालू दे हळू. बाजार तर झालाच हाय."

आबांनी विचारलं, "शीला, काऊन पळून राह्यली ते?"

"सराव हाय, आबा."

"एवढे कपडे घालून?"

"तसाच राह्यते सराव."

मी तोंड उघडणार, तोच शीलाताईंनी माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. मुलगी कुणावर गेली ते तेव्हा कळलं.

लोणारचा बेत मी पुढे ढकलला. असं अर्धवट टाकून कोण जाईल? सकाळी जिथे वजन होणार होतं त्या शाळेच्या मैदानावर पोचले तर रेनकोट घातलेल्या मुलींची जत्राच होती. कुणी दोरीवरच्या उड्या मारत होतं, कुणी भिंतीशी बसून थुंकत होतं, तेवढंच अंगातलं पाणी कमी. एक पोरगी काट्यावरून उतरून ढसाढसा रडत होती; तिचे सर तिला घेऊन फाटकाबाहेर गेले. आबा हे सगळं बघत होते. प्रज्ञा काट्यावर चढली. टेबलामागच्या बाईंनी मान हलवली. थोडंसंच, पण जास्त होतं. वजनाची वेळ संपायच्या आत उतरवलं तर ठीक.

ती वळली आणि पुन्हा धावायला लागली. आबा पायरीवर बसले. मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या हा. खरं सांगा. ते दुधाचंच हाय ना?"

आयुष्यभर मी लोकांच्या तोंडावर खरं बोलत आले आणि त्याचा मोठा तोरा मिरवला. त्या वेळी मात्र अंग काढून घेतलं. म्हटलं, "तुमच्या नातीलाच विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. मैदानाला फेरी मारून ती समोरून जाताना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "प्रज्ञा, मले काऊन नाही सांगतलं? म्या नानाचा हात धरला असता."

ती जागच्या जागी धावत राहिली. घामाने चेहरा निथळत होता, ओठ फुटले होते. "म्हणून तर नाही सांगतलं," ती म्हणाली. "आबा, दूध मी पेली ना? कोणी जबरीनं पाजलं का? मंग ते उतरवाचं बी मलेच. तुमी बसा बरं सावलीत." आणि गेली.

दुसऱ्यांदा ती काट्यावर चढली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. शीलाताईंचा श्वास सुटलेला ऐकू आला, तेव्हा उघडले. बसलं होतं वजन! आबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून तिच्या ओठांना लावली. "आता पी, बाई. आता काटा नाही." ती इतकं घटाघटा प्यायली की पाणी हनुवटीवरून रेनकोटवर सांडलं.

दुपारी तिची पहिली लढत पाहिली. मी नातवंडांना एकमेकांना चिमटासुद्धा काढू देत नाही, आणि त्या हॉलमध्ये खुर्चीवर चढून ओरडत होते, "अगं मार! बघतेस काय, मार!" शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले. प्रज्ञाने पेढ्यांच्या वेळचीच चाल केली. समोरचीचा हात येई, ही तो बाजूला सारून खालून ठोसा देई. जिंकली! मी शीलाताईंच्या गळ्यात पडले. अंतिम लढत दुसऱ्या दिवशी होती, पण लोणार आणखी पुढे ढकलता येत नव्हतं, परतीचं आरक्षण आधीच झालेलं होतं. नंबर घेतला आणि निघाले.

लोणारचं सरोवर सुंदर आहे. आकाशातून दगड पडला आणि जमिनीला एवढा खड्डा पडला, त्यात पाणी साचलं, भोवती झाडं उगवली, काठी देवळं उभी राहिली. याबद्दल मी भरपूर लिहिणार होते. पण खरं सांगते, काठावर उभी राहून मी फोनकडेच बघत होते. गाइड बिचारा सांगत होता आणि मी नुसतं "हो का, हो का" करत होते.

फोन आला. प्रज्ञाच होती.

"मावशी, हरली मी."

दोन दिवसांचं धावणं, ते फुटलेले ओठ, तो पेला, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी नुसतं "अगं..." म्हटलं. पुढे काय म्हणणार होते ते तिने ओळखलं.

"दुधानं नाही हां, मावशी," ती ताडकन म्हणाली. "ते अकोल्याची पोरगी हाय ना, तिचा उजवा हात लय जबर हाय. मले दिसलाच नाही. पुढच्या वर्षी दिसन. पण गावात कोणी आबाले म्हटलं ना, का दुधानं हरली, त्याचा दात पाडीन मी. तुमी बी कोणाले सांगसान तर बरोबर सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

घरी आले. सून म्हणाली, "लोणार कसं होतं?" मी दुधाची गोष्ट सांगितली. मुलगा इंजिनिअर आहे, त्याने लगेच हिशोब मांडला: एवढं धावली, अंगातलं पाणी गेलं, थकली, म्हणजे शेवटी त्या दुधामुळेच... मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य नसेलच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ती पोरगी त्या मांडवात पेला हातात धरून उभी होती, तेव्हा हा हिशोब तिला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगला येत होता. तिने तो केला आणि मग दूध प्यायली.

म्हणून, वाचकहो, तुम्हीही कुणाला सांगाल तर बरोबर सांगा. प्रज्ञा हरली ती अकोल्याच्या मुलीच्या उजव्या हाताने. दुधाने नाही.