गाडी चाखणारे भाऊजी

जुनी गाडी बघायला गेले की लोक बॉनेट उघडतात, टायरला लाथ मारतात, खाली वाकून तेल गळतंय का ते बघतात. आमचे भाऊजी बोट ओलं करून गाडीच्या पोटाखालून फिरवायचे आणि सरळ जिभेवर ठेवायचे. मग डोळे मिटायचे. लोणच्यात मीठ बरोबर पडलंय का हे बघताना आई जसा चेहरा करते, अगदी तसा चेहरा. खारट लागलं तर गाडी समुद्राकाठी राहिलेली. वरून कितीही चकचकीत असली तरी पत्रा आतून गेलेला. आळणी लागलं तर गंज साध्या पावसाचा, त्याचं काहीतरी करता येतं. हे शास्त्र कितपत खरं होतं मला माहीत नाही. ते खोटं निघावं अशी माझी फार इच्छा होती, पण माझ्या देखत ते कधी खोटं निघालं नाही.

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. माजिवड्याचं जुनं आगरी घर. आजोबा खाडीवर मिठागरात राबले. पुढे जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि भाऊजींच्या वाट्याला भरपूर रिकामा वेळ आला. दुसऱ्या कोणी हॉटेल काढलं असतं, नाहीतर निवडणुकीला उभा राहिला असता. भाऊजींनी वागळे इस्टेटमध्ये एका बंद कारखान्याची शेड घेतली आणि तिच्यात जुन्या अमेरिकन गाड्या आणून ठेवायला सुरुवात केली. पहिला आला तो आजोबांच्या वेळचा मीठ वाहणारा ट्रक, पुढे लांब नाक असलेला, खालून मिठाने कुरतडलेला. चाखायची सवयही आजोबांचीच. ते मिठाची रास चाखून ती पिकली की नाही ते सांगायचे. भाऊजींनी तीच जीभ गाड्यांना लावली.

मला या माणसाचा हेवा वाटायचा. आडून आडून नाही, चांगला घसघशीत वाटायचा. त्यांच्या टॉवरमधल्या घरांचा नाही, गळ्यातल्या जाड साखळीचाही नाही. माझी तक्रार एवढीच होती की त्यांनी माझे वडील पळवले.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद झाला तेव्हा मालकाची अमेरिकन गाडी आवारात नुसती पडून होती. तिच्यावर ताडपत्री घालायचं काम इतकी वर्षं बाबांनीच केलेलं, म्हणून मालक म्हणाला, ही तुम्हीच न्या. ती ओढत ओढत डोंबिवलीला आली आणि आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. मागे दोन पंख, पुढे दात विचकल्यासारखी जाळी. इंजिनाला हात लावायची ऐपत आणि अक्कल आम्हा दोघांकडेही नव्हती. पण दर रविवारी सकाळी बाबा आणि मी ती पुसायचो. बाबा एरवी घरात मोजकं बोलायचे; गाडीपाशी मात्र त्यांना वाचा फुटायची. मागच्या दाराची काच वर-खाली करायची मूठ तुटली तेव्हा मी आईचं मोडकं लाटणं कापून तिथे बसवलं. बाबा ते बघून खूप हसले होते. "आपण दोघं एक दिवस ही चालू करू," असं ते म्हणायचे, आणि त्यातल्या 'आपण दोघं'वर मी लहानाचा मोठा झालो, बँकेत लागलो, तरी रविवार चुकवला नाही.

मग ताईने लग्नाचं काढलं. घरात पंधरा दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. मासळी खाणारं घर, बोलण्याची पद्धत वेगळी, मुलाला धड नोकरी नाही, असं बाबांचं म्हणणं होतं. शेवटी भाऊजी भेटायला आले. आम्ही वर पोहे करून वाट बघतोय आणि ते खालीच अडकलेले. गॅलरीतून बघितलं तर पांढरा शर्ट घालून हा माणूस आमच्या गाडीखाली उताणा! बाबा जिना उतरून गेले, मागोमाग मी. भाऊजी बाहेर आले, बोट जिभेवर ठेवलं आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "काका, ही दर्याकाठची हाय. मीठ हाय अजून पोटान."

बाबा चाट पडले, कारण मालकाचा बंगला खरंच समुद्राला लागून होता. दोघं तिथेच उभ्या उभ्या बोलत राहिले. पोहे गार झाले. वर येताना बाबांचा हात भाऊजींच्या खांद्यावर होता. माझ्या खांद्यावर तो कधी आल्याचं मला आठवत नाही. लग्न ठरलं हे ताईला आनंदाचं वाटलं, मला मात्र गाडी गेली हे तेव्हाच कळलं.

गाडी वागळे इस्टेटला गेली आणि तिच्यापाठोपाठ बाबाही गेले. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन. डबा तसाच परत यायचा, कारण तिथे भाऊजींच्या आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या असायच्या. परक्याच्या घरचा चहासुद्धा नको म्हणणारे आमचे बाबा! मी मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहायचो. तिथे तेलाचा डाग होता आणि चार टायरांच्या जागी फरशी जरा उजळ होती. आईने त्या जागेत तुळशीच्या कुंड्या ठेवल्या तेव्हा मी उगाचच तिच्याशी भांडलो.

भाऊजी गाड्यांना 'बाय' म्हणायचे. "ऊठ बाय, सकाल जाली," असं म्हणून बॉनेटवर थोपटायचे. कामाची घाई त्यांना ठाऊकच नव्हती. कुठला तरी पार्ट कायम अमेरिकेतून निघालेला असायचा, आणि तो आला की दुसऱ्याच गाडीचा निघायचा. मग ते खदाखदा हसायचे आणि बाबाही हसायचे. मी बँकेत एक आकडा चुकवला तर रात्रभर ऐकवणारे बाबा या माणसाच्या तीन-चार वर्षांच्या उशिरावर हसत होते. मी अधूनमधून शेडवर जायचो. ते माझ्या पाठीवर थाप मारून "ये शेट" म्हणायचे, खुर्ची पुसून द्यायचे, आणि बाबांच्या डोळ्यांत त्यांच्याविषयीचं कौतुक बघून माझा अगदी जळफळाट व्हायचा. एकदा कोणी नाही असं पाहून मी त्या मिठाच्या ट्रकखाली बोट फिरवून जिभेला लावलं. काळं ग्रीस निघालं. दोन दिवस चहालाही तीच चव येत होती.

अखेर गाडी तयार झाली. भाऊजींनी बोलावलं, मी तोंड वाकडं करूनच गेलो. स्टिअरिंग डाव्या बाजूला. तिथे भाऊजी, शेजारी बाबा, आणि मी मागे. माजिवड्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो. लोक फोन काढून फोटो घेत होते. बाबा ताठ बसले होते. ज्या फेरीची मी शाळेत असल्यापासून वाट बघितली ती ही, आणि मला तिच्यात बाबांची फक्त मान दिसत होती. हात टेकवायला गेलो तर दाराला ती लाटण्याची मूठ तशीच. बाकी तीन दारांना नव्या कोऱ्या चकाकत्या मुठी.

शेडवर परत आल्यावर बाबा चहाला गेले. मला संधी मिळाली. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "भाऊजी, हे एवढं राहून गेलं वाटतं."

"रायला नाय," भाऊजी म्हणाले, "ठेवलाय. चौथी मूठ हाय कपाटान. काकांनी लावू दिली नाय."

त्यांनी फडक्याने हात पुसले आणि प्रथमच माझ्याकडे न हसता बघितलं.

"काका दर रविवारी येतान आनि तुझ्याच गोष्टी सांगतान. पोरानी लाटना कसा कापला, पोराला बँकेन कसा मान हाय. टॉवरवाल्याना जमीन दिली म्हनून माझा बापूस मरंपरत माझ्याशी बोलला नाय. आनि मी हितं बसून दुसऱ्याच्या पोराची तारीफ आयकतंय. मी काय कमी जललू रं तुज्यावर?"

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. भाऊजींनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ने घरी, आता तुझी जागा पुढे.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊजी गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत संपलं. शेडमधल्या गाड्या हळूहळू शौकिनांकडे गेल्या. मिठाचा ट्रक तेवढा ताईने दिला नाही, तो माजिवड्याला बिल्डिंगखाली उभा आहे. ती जाता-येता त्याच्या नाकावर हात ठेवते.

आमची गाडी पुन्हा डोंबिवलीला, त्याच भिंतीपाशी. तुळशीच्या कुंड्या आईने कुरकुरत हलवल्या. रविवारी बाबा आणि मी गाडी पुसतो. म्हणजे पुसतो मी. बाबांचे गुडघे आता वाकत नाहीत, ते पुढच्या सीटवर बसून बोलतात. रविवार परत मिळाला, बाबा परत मिळाले, गाडी चालूसुद्धा होते. पण बाबा बोलतात ते फक्त भाऊजींबद्दल. तो असं म्हणायचा, तो तसं करायचा, त्याच्यासारखं बॉनेट कोणाला थोपटता येत नाही. माझं कौतुक ते करत असणार, पण ते ऐकणारा माणूस राहिला नाही. शेजारी बसलेल्या माणसाला चांगलं म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. मला हे सगळं कळतं, आणि कळूनही मी जळतो. फरक एवढाच की आता ज्याच्यावर जळायचं तो माणूस मलाही फार आठवतो.

परवा गाडी धुऊन झाल्यावर मी खाली शिरलो, बोट ओलं करून पत्र्यावरून फिरवलं आणि जिभेवर ठेवलं.

"काय लागतंय?" बाबांनी वरून विचारलं.

"आळणी," मी म्हणालो.

बाबांनी खिडकीतून हात काढून दारावर थोपटलं. मग म्हणाले, "त्याला बरोबर कळलं असतं."