नुसता शिक्का

आमचे चंपतकाका अठ्ठावीस वर्षं फौजेत होते, पण त्यांनी शत्रूवर कधी गोळी झाडली नाही. त्यांनी टोचल्या त्या सुया. लसीच्या दिवशी भलेभले पहिलवान रांगेत कसे मागे मागे सरकत, हे ते आमच्या जरीपटका वस्तीच्या बाजारात माणसं थांबवून सांगतात. जुन्या लढायांत गोळीपेक्षा रोगराईनेच जास्त शिपाई मेले, हेही त्याच दमात. ऐकणाऱ्याच्या पिशवीतली मेथी सुकते, पण काकांना त्याचं काय!

मागच्या महिन्यात मी त्यांना कुहीला नत्थूमामांकडे घेऊन गेलो. दोघे लंगोटीयार, एकाच पलटणीतले. वयाच्या तेविसाव्या वर्षी नत्थूमामांना टायफॉइड झाला, आतड्याला भोक पडलं आणि फौज सुटली. त्यांच्या लसीच्या कार्डावर मात्र टायफॉइडची सुई दिल्याचा शिक्का होता. तेव्हापासून त्या घराचा लसीवरून विश्वास उडाला तो उडालाच.

त्यांचा नातू पियुषही फौजी. सुट्टीवर आला होता, नंतर त्याची तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेला जाणार होती.

"चंपतआबा, परत गेलो का पिवळ्या तापाची सुई आहे," तो म्हणाला. "आमच्या आबाजीले सुई घेऊन का फायदा झाला? तुमच्या ओळखीचा कोणी नुसता शिक्का मारून देईन का?"

आता काकांचा फौजी आवाज चढणार, असं मला वाटलं. पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि समोर बसलेल्या नत्थूमामांकडे बोट दाखवलं.

"याले म्या सुई देलीच नाही गा. दुसऱ्या दिवशी याची कुस्ती होती. सुईनं दंड सुजते म्हणून यानं हात जोडले. गाववाला म्हणून म्या नुसता शिक्का मारला."

मला काकांचा राग आला. या घरी ते दर दिवाळीला फराळ खात आले, आणि इतकी वर्षं इथला गैरसमज त्यांनी तसाच राहू दिला. ते ओल्या डोळ्यांनी बसून होते.



"घेतो मी सुई," पियुष म्हणाला. मग आजोबांकडे वळला. "पण आबाजी, तुमाले तं मालूम होतं. तुम्ही काहून नाही सांगितलं?"

नत्थूमामांनी काकांचा कप उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"सांगितलं असतं तं याची नोकरी गेली असती," ते म्हणाले. "माझी तं गेलीच होती."