शिक्कामावशीची सही

शिक्कामावशीचं खरं नाव इस्पितळात कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. तळमजल्यावरच्या वाफखोलीत एकवीस वर्षं ती ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करत आलेली. धुवायची, कापडात गुंडाळायची, गाठोड्यावर पट्टी चिकटवायची आणि गाठोडं वाफेच्या यंत्रात लोटायचं. वाफ लागली की पट्टीवरच्या फिक्या रेषा काळ्याकुट्ट होतात. त्या डोळ्यांनी बघायच्या आणि मगच चिठ्ठीवर ‘पाहिलं’ लिहून सही करायची. तिची सही म्हणजे शिक्का! ती दिसली की वरच्या मजल्यावर पट्टीकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. आणि खरं सांगायचं तर याचा तिला भारी अभिमान होता.

रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर ती मोठ्यांचा वर्ग घ्यायची. विश्वास, आशा, प्रीती, शहाणपण, न्याय, संयम, धैर्य, सातही सद्गुण तोंडपाठ. लेक कारखान्यात सुरक्षा तपासनीस होती. ती चिडवायची, “आई, चांगुलपणा एकट्या माणसाच्या भरवशावर सोडायचा नसतो. दोघांनी तपासायचं, कागदावर लिहायचं. तुझे सद्गुण राहू देत तुझ्या वर्गात.”

“मनच खोटं असेल तर कागद काय करील गं?” मावशी फणकारायची.

बोलायला काय जातंय! गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मावशीबाईंनीच एक युक्ती काढली होती. सकाळी चहा पिता पिता दिवसभराच्या चिठ्ठ्यांवर ‘पाहिलं’ लिहून सह्या ठोकून ठेवायच्या. रेषा काय, नंतर बघायच्याच आहेत. बहुतेक वेळा ती बघायचीही. पण बहुतेक वेळाच.

त्या दिवशी यंत्राचं दार उघडलं तर आत आठ गाठोडी. तयार केली होती नऊ. नववं मावलं नाही म्हणून तिनंच ते बाजूच्या टेबलावर ठेवलं होतं आणि सवयीनं त्यात सहीची चिठ्ठी खोचली होती. आता टेबल रिकामं होतं. ट्रॉलीवाला येऊन ते घेऊन गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात दहाला सात मिनिटं कमी होती आणि दहाला वर एका शिंपीणबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन होतं.

मावशीच्या निवृत्तीला चार महिने राहिलेले, पण तिला आधी आठवली ती नोकरी नव्हे. शिक्कामावशी चुकली, हे चार तोंडांतून ऐकावं लागेल, याचीच तिला धडकी भरली. बाईचा जीव जाईल की राहील हा विचार त्याच्या मागून आला, आणि तो मागून आला म्हणून तिला स्वतःची किळस वाटली. तरीही फोन उचलून ती बोलली काय?

“सिस्टर, दहाच्या ऑपरेशनला हत्यारांचा चुकीचा सेट गेलाय वर. परत पाठवा, मी दुसरा देते.”

“चुकीचा कुठला मावशी? उघडून मांडलासुद्धा. अगदी बरोबर आहे,” थिएटरची सिस्टर हसली. “तुमची सही आहे ना? मग झालं तर!”

फोन ठेवला गेला. मावशीनं पुन्हा लावला, कुणी उचलेना. लिफ्ट वरच अडकलेली. मग ती जिन्यानं निघाली. तीन मजले, कठडा धरून, एकेक पायरी. “देवा, थांबव रे त्यांना,” एवढंच तोंडात. दुसऱ्या मजल्यावर गुडघा असा कळवळला की ती मटकन खाली बसली. मग दातओठ खाऊन उठली.

थिएटरचं दार ढकललं तेव्हा डॉक्टरांचा हात हत्यारासाठी सिस्टरपुढं पसरलेला होता.

“थांबा!” ती दारातूनच ओरडली. “ती हत्यारं वाफेत गेलीच नाहीत. मी न बघता सही केली.”

सिस्टरनं खाली पडलेलं कापड उचललं. पट्टीवरच्या रेषा फिक्याच होत्या.

डॉक्टर टेबलापासून मागं सरले. माणूस भला होता. एकवीस वर्षांची ओळख. “दुसरा सेट मागवा,” ते म्हणाले, आणि मावशीकडे वळून हळू आवाजात, “आज गर्दी होती. गडबडीत एक चिठ्ठी चुकली. एवढंच ना, मावशी?”

फक्त मान डोलवायची होती. एक ‘हो’ म्हटलं की सगळं आजच्या दिवसावर भागणार होतं. त्यांनी तर सुटकेचं दार सताड उघडून दिलं होतं. मावशीच्या मानेनं हालचाल सुरूही केली.

“नाही डॉक्टर,” ती म्हणाली. “दीड वर्ष झालं. सह्या मी सकाळीच करून ठेवते. सगळ्याच.”

बोलली ती टेबलावरची शिंपीण. पाठीत इंजेक्शन दिलेलं, कमरेखाली बधिर, पण टक्क जागी.

“माझ्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन इथंच झालं,” ती छताकडे बघत म्हणाली. “मागच्या वर्षी. टाके पिकले. महिनाभर तापानं फणफणली बिचारी. का, ते कुणी सांगितलं नाही. आम्ही म्हटलं, तिचं नशीब.”

माफ करा, असं म्हणायला मावशीनं तोंड उघडलं. पण आत्ता माफी मागायची म्हणजे या आडव्या पडलेल्या बाईकडूनच आणखी काही उकळायचं, असं तिला वाटलं, आणि तिनं तो शब्द गिळला.

“त्या सेटवर माझीच सही असणार,” ती म्हणाली. “बहिणीचं नाव आणि तारीख सांगा. रजिस्टर मी काढते. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर मीच नेऊन ठेवते.”

शिंपिणीनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि नाव सांगितलं.