आधी बारा महिने, मग घोडा

कुणीही नवीन माणूस भेटला की काका आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहऱ्याकडे नंतर, आणि तेही सवड मिळाली तर. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी माझं नाव सांगत होते आणि ते माझ्या चपलांकडे बघत होते.

"उजवी टाच जास्त झिजलीय तुमची," ते म्हणाले. "कंबर दुखते का?"

दुखत होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कसं चालावं, कसं उभं राहावं हे लोकांना सांगण्यात माझी वीस वर्षं गेली, आणि माझी स्वतःची चाल एका नालबंदाने अर्ध्या मिनिटात पकडली. मी हसले. ते हसले नाहीत. चपला बदला म्हणाले आणि निघून गेले.

काका घोड्यांना नाल ठोकायचे. जोगेश्वरीला राहायचे, गाव कणकवलीच्या बाजूला. वडील गिरणीत होते, पण यांनी तरुणपणी शर्यतीच्या तबेल्यात मोतद्दाराचं, म्हणजे घोडे सांभाळायचं काम धरलं आणि तिथेच नालबंदी शिकले. वाकोल्यापासून बोरिवलीपर्यंतचे वरातीचे घोडे, समुद्रावरचे घोडे, रायडिंग क्लासचे घोडे, सगळ्यांचे खूर त्यांच्या गुडघ्यांवरून गेलेले. जुन्या स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागी छोटी ऐरण ठेवून फिरायचे. माझ्याशी बोलायचे ते शहरी मराठीत. विषय गंभीर झाला की मात्र नकळत मालवणी यायची. ती आली की आपण नीट बसून ऐकायचं, हे मला लवकरच कळलं.

आमचं केंद्र बोरिवलीला आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे ज्यांचे स्नायू कडक राहतात, अशी मुलं आमच्याकडे येतात. चालत्या घोड्यावर अशा मुलाला बसवलं की त्याची कंबर आपोआप चालल्यासारखी हलते, आवळलेले पाय सैल होतात, पाठ ताठ राहायला शिकते. आम्ही दर गुरुवारी वरातीची एक घोडी भाड्याने आणायचो. एका सकाळी पलीकडच्या रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि घोडी उधळली. वर सात वर्षांची मुक्ता होती. ती घसरली, पण बाजूने चालणाऱ्या तिच्या आईने तिला फ्रॉकला धरून ओढून घेतलं. लागलं कुणालाच नाही. पण त्यानंतर घोड्याचं नाव काढलं तरी मुक्ता आईच्या ओढणीत तोंड लपवायची.

मग पालकांनी ठरवलं की आपला स्वतःचा घोडा घ्यायचा. शहाणा, सगळ्या कामाचा. गुरुवारी, मंगळवारी आमची मुलं बसतील, शनिवार-रविवारी साधे शिकाऊ लोक फी भरून बसतील, म्हणजे घोडा आपला खर्च थोडाफार स्वतः काढेल. अकरा घरांनी पैसे जमवले. कुणी बोनस दिला, कुणी मोडलेल्या बांगडीचे दिले. दोन लाख ऐंशी हजार झाले. आम्हाला वाटलं, झालं काम.

रविवारी केंद्रात बैठक भरली. भाड्याच्या घोडीला नाल तेच ठोकायचे, म्हणून मी काकांना बोलावलं होतं. संदेश नावाच्या मुलाचे बाबा चारकोपला एसी दुरुस्तीचा धंदा करतात. माणूस उत्साही. त्यांनी मोबाइल काकांच्या नाकासमोर धरला. शर्यतीतून निवृत्त झालेला पाच वर्षांचा काळाभोर घोडा, चकचकीत, मान अशी की बघत राहावं.

"काका, झकास आहे ना? दीड लाख फक्त! वर सव्वा लाखाच्या पुढे उरतायत आपल्याकडे."

काकांनी मोबाइलकडे पाहिलंच नाही. "कागद आहे?" त्यांनी मला विचारलं. मी वही उघडली. "लिवा. आधी बारा म्हयने लिवा, घोडो मगे."

मालवणी आली होती. मी नीट बसले.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. गवत. दाणा, कोंडा, चणे. मोतद्दाराचा पगार. तबेल्याचं भाडं. दर दीड महिन्याला नाल. जंताचं औषध, लशी. बेरीज महिन्याला सव्वीस हजार. मग खोगीर आणि लगाम, पस्तीस हजार. अचानक दुखण्याचे चाळीस हजार बाजूला, त्याला हात लावायचा नाही. घोडे बघायला जाण्या-येण्याचा, आणायच्या ट्रकचा आणि घेण्याआधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचा खर्च, चौदा हजार.

"तपासणीला पैसे कशाला?" संदेशचे बाबा म्हणाले. "समजा नाही पसंत पडला घोडा, तर ते फुकटच गेले ना?"

"नाही म्हणायलाही खर्च येतो," काका म्हणाले. "तो धरायचा."

मी बेरीज करत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "आणि तो म्हातारो झालो, मगे?"

कुणाला काही कळलं नाही. काकांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि सावकाश, शहरी मराठीत सांगितलं. घोडा वीस-बावीस वर्षांचा झाला की त्याच्याच्यानं काम होत नाही. त्यापुढेही तो काही वर्षं जगतो. तेव्हा तो कुठे राहणार? कोण त्याला खायला घालणार? हे आज लिहिलं नाही तर तो विकला जातो. आणि म्हाताऱ्या घोड्याला विकत कोण घेतं, ते मला माहीत आहे.

अकरा घरांचे आईबाप होते तिथे. आपल्यामागे या लेकराचं काय, हा प्रश्न त्यातला प्रत्येकजण रोज उशाशी घेऊन झोपतो आणि कुणासमोर काढत नाही. काकांना हे कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते घोड्याबद्दलच बोलत होते.

मुक्ताची आई वाकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. कमी बोलणारी बाई. ती म्हणाली, "लिहा ताई. महिन्याला दोन हजार. वेगळ्या खात्यात."

लिहिलं. महिन्याचे अठ्ठावीस झाले. शनिवार-रविवारच्या फीचे वीस वजा केले, तर आठ कमी पडत होते; म्हणजे वर्षाचे शहाण्णव हजार. सगळं बाजूला काढल्यावर घोड्यासाठी उरले पंच्याण्णव हजार.

"एवढ्यात काय गाढव येणार?" संदेशचे बाबा म्हणाले.

"गाढव पण हुशार असतं," काका म्हणाले.

तरीही पालकांचा जीव त्या काळ्यात अडकला होता. काकांनी वाद घातला नाही. बघून तर येऊ, म्हणाले. फक्त विकणाऱ्याला आठवड्यानंतर येतो असं सांगितलं आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी सातला आम्ही कल्याणच्या पुढे त्याच्या फार्मवर हजर झालो. घोडा कसा आहे ते त्याला तयार करायच्या आत बघायचं असतं, हे मला तिथे समजलं. काकांनी त्याच्या चारही पायांवरून हात फिरवला आणि पुढच्या डाव्या पायावर तो तसाच ठेवून उभे राहिले. "गरम आहे." डॉक्टर बोलावले, सोनोग्राफी झाली. शीर पूर्वी दुखावलेली होती. घोडा फिरवला तर चालला असता, पण पाठीवर पोर असताना कधी अडखळेल याचा भरवसा नव्हता.

परतताना गाडीत संदेशचे बाबा मला हळूच म्हणाले, "यांचं कमिशन दुसरीकडे ठरलं असेल, मॅडम." हळूच, पण गाडी लहान होती. पुढच्या सीटवर काकांची मान जराही हलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी मी माफी मागायला जोगेश्वरीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी ती मागू दिली नाही. "बाय, पैशाचा मामला. विचारायलाच हवं माणसानं." त्यांनी चहा ठेवला आणि मी न विचारताच एक गोष्ट सांगितली. शर्यतीच्या तबेल्यात त्यांच्या हाताखाली एक लाल घोडा होता. चार वर्षं त्याला यांनीच घासलं, यांनीच फिरवलं. तो हरायला लागला तसा विकला गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी वाकोल्याला एक वरात चालली होती, म्हणून हे रस्त्याच्या कडेला थांबले. नवऱ्यामुलाखालचा घोडा मागचा पाय ओढत होता. डोक्यावर तुरा, अंगावर झालर. यांच्यासमोर आल्यावर तो थांबला आणि नाक पुढे करून यांच्या शर्टाचा वास घ्यायला लागला. बँडवाले ओरडायला लागले.

"माका वळखल्यान त्येना," काका म्हणाले. "माझ्या खिशात तीनशे रुपये होते. मी काय करतलंय? त्येका हातान पुढे ढकललंय."

त्यांनी चहा गाळला.

पुढचे चार महिने आम्ही सात घोडे नाकारले. नंतर नाशिककडे एक रायडिंग क्लास बंद होतोय असं कळलं. तिथे अकरा वर्षांची एक घोडी होती. रंग मातकट, पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबलेला. फोटोत बघून मुक्ताची आईसुद्धा म्हणाली, "अगं बाई."

काकांनी तिच्याजवळ जाऊन अचानक छत्री उघडली. तिने कान फिरवले. त्यांनी पत्र्याचा डबा आपटला, प्लॅस्टिकची पिशवी तिच्या पोटाला घासली, आमच्या केंद्रातून नेलेल्या कुबड्या टकटक वाजवत तिच्या मागून पुढे गेले. मग तिला बाकीच्या घोड्यांपासून लांब, एकटीला नेलं. आधी क्लासच्या माणसाला बसवलं, मग वयाची साठी ओलांडलेले काका स्वतः बसले आणि मुद्दाम एका बाजूला कलले, आमची मुलं कलतात तसे. घोडी थांबली. ते सरळ होईपर्यंत एक पाऊल पुढे टाकलं नाही तिने.

काका उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "ही मास्तरीण आहे," ते म्हणाले.

डॉक्टरची तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. भाव ठरवायची वेळ आली तेव्हा काकांनी संदेशच्या बाबांना पुढे केलं. "तुम्ही बोला, पैसे तुमच्या हाताने द्या. मी बाहेर उभा राहतो." आणि खरंच फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उन्हात उभे राहिले. पंच्याऐंशी हजारांत सौदा झाला. बाहेर आल्यावर संदेशच्या बाबांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काका म्हणाले, "अरे, बूट बदल. टाचा घासतायत तुझ्या."

मुक्ता घोडीवर लगेच बसली नाही. घोडीला केंद्राजवळच्याच एका म्हशींच्या तबेल्यात जागा मिळाली होती. तिथे महिनाभर मुक्ता व्हीलचेअरमध्ये बसून तिला लांबूनच बघायची. एका गुरुवारी घोडी स्वतः तिच्याजवळ गेली आणि तो लोंबता ओठ तिच्या मांडीवर ठेवून उभी राहिली. मुक्ताने विचारलं, "हिला झोप आलीय का?" त्याच दिवशी ती बसली.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी घोडी सारखी मान वळवून पोटाकडे बघायला लागली, मग खाली बसून लोळू लागली. पोटशूळ. घोडा यात दगावतो. डॉक्टर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आले, सलाइन लावलं, एकतीस हजार खर्च झाला. मला त्या तीन दिवसांत एकाही पालकाला पैशांसाठी फोन करावा लागला नाही. काकांनी बाजूला काढायला लावलेल्या चाळीस हजारांतच सगळं भागलं. चौथ्या दिवशी तिने लीद टाकली तेव्हा तबेल्यात आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हशीवाले भय्या आमच्याकडे बघतच राहिले.

काकांचे हात थरथरायला लागले तो त्यानंतरचा हिवाळा. एकदा ते आले आणि घोडीचे चारही नाल त्यांनी काढले. खूर कानशीने घासून गुळगुळीत केले. नवे नाल मात्र ठोकले नाहीत. म्हणाले, "मऊ मातीतच चालते ही. नालाची गरज नाही. खूर घासायला कुणीही येईल. महिन्याचे तेवढे वाचतील तुमचे."

"आणि तुमचे?" मी म्हटलं. आमच्या घोडीचं काम धरून त्यांच्याकडे तेव्हा तीनच घोडे उरले होते.

"माझं काय," ते म्हणाले आणि ऐरण स्कूटरवर चढवायला लागले. ती त्यांना उचलेना. आम्ही दोघांनी मिळून ठेवली.

मग ते गावी गेले. फोनवर घोडीचं विचारायचे. खाते का, लीद कशी टाकते, मुक्ता येते का. त्यांचे आभार मानायचा प्रयत्न मी दोन-तीनदा केला, प्रत्येक वेळी त्यांना रेंज मिळेनाशी व्हायची.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. मी तबेल्यात पोचले तोवर सगळ्या पालकांना कळलेलं होतं. आजचा वर्ग बंद ठेवायचा का, कुणीतरी विचारलं. मुलं तर आलेली होती. मुक्ता, आता दहा वर्षांची, घोडीवर बसायच्या चौथऱ्यावर चढून कठड्याला धरून एकटी उभी होती आणि म्हणत होती, "आणा ना लवकर."

संदेशच्या बाबांनी डोळे पुसले आणि घोडीला बाहेर आणलं.