गडगा

परबमामांना 'भिंत' हा शब्द जन्मात जमला नाही. आमच्या पोलीस ठाण्याच्या कंपाउंडला कोणी बाइक टेकवली की आतून हाक यायची, "गडग्याक गाडी लावू नको रे!" नवा शिपाई बावचळून इकडेतिकडे बघायचा, मग भाषांतर मी करायची. वेंगुर्ल्याकडचा हा माणूस तीस वर्षं उपनगरात राहिला, हिंदी फाडफाड बोलायला शिकला, पण भिंतीला गडगाच म्हणत राहिला. हाच शब्द पुढे आमच्या गळ्याशी येणार होता.

जबाब लिहिण्याचं काम त्यांचं. बाबा नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी मी अनुकंपा तत्त्वावर लागले, तेव्हा बाबांच्या या जुन्या जोडीदाराने मला शेजारी बसवून ते शिकवलं. एका भाजीवालीच्या जबाबात मी 'संशयित इसम' लिहिलं, तर कागद टराटरा फाडला. "ती असा बोल्ली? 'काळतोंड्या' बोल्ली ना? मगे ताच लिव. आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडात घालूची नाय गो!" असे ओरडले की दुपारी त्यांच्या डब्यातली सुरमई माझ्या डब्यात पडायची. बाबांनंतर मला तेवढं हक्काने ओरडणारं दुसरं कोणी नव्हतं.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी सतीशची फाइल पुन्हा उघडली. देवनारचा हा पोरगा बावीस वर्षांपूर्वी आमच्या ठाण्यात चौकशीला आला आणि तिथेच मेला. त्याची आई तेव्हापासून अर्ज करत होती. पळताना पडून मेला, असं कागदोपत्री होतं. साक्षीदार एकच, जालन्याहून आलेला एक वॉचमन. त्याचा जबाब परबमामांच्या अक्षरात होता. 'मुलगा गडग्यावर चढला व तोल जाऊन खाली पडला.'

जालन्याचा माणूस गडगा कशाला म्हणेल?

झेरॉक्स घेऊन मी मुलुंडला त्यांच्या घरी गेले. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"वॉचमन काय बोलूकच नाय. अंगठो तेवढो दिल्यान."

"कोणासाठी केलंत, मामा?"

"तुझ्या बापाशीचो हात जड होतो. तू तेव्हा दुसरीत होतंस."

समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले. बाबांचं नाव त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

आठवड्याने मामा आपणहून ठाण्यात आले. साहेबांसमोर बसले. लिहायला मी. माझ्याकडे एकदाही न बघता ते शाळेतल्या मुलासारखं शुद्ध मराठीत बोलू लागले. "सतीशला मी मारलं. दुसरं कोणी नव्हतं. तो भिंतीवरून पडला, हा जबाब मी बनवला."

भिंतीवरून. माझं पेन थांबलं.

"काय झालं? लिही ना," साहेब म्हणाले.

मामा खाली बघत पुटपुटले, "सांगणारो सांगता तसा लिव."

मी लिहिलं. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला बोलू. खटला उभा राहण्याआधीच मामा गेले. खांदा द्यायला ठाण्यातून कोणी फिरकलं नाही. मीही नाही.

जबाबाच्या त्या दिवशी मामांची सही घेऊन मी बाहेर आले, तर बाकड्यावर सतीशची आई बसली होती. "पोरी, बावीस वर्षांनी कोणीतरी खरं लिहिलं गं," ती म्हणाली, आणि बाबांवर गेलेले माझे दोन्ही हात तिने घट्ट धरून कपाळाला लावले.